अक्कलदाढ आणि आफ्रिकन लिली

माझी थोरली बहीण दातांची डॉक्टर. मी तिच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसते, फोन घेते, नंबर लावते आणि घाबरलेल्यांना धीर देते. यातलं शेवटचं काम सगळ्यात मोठं, कारण ताईकडे बघून कुणालाच धीर येत नाही. ताई उंच, ताठ, पांढऱ्या कोटाला कधी सुरकुती नाही. लोकांचे दात काढायचे, पण स्वतः कधी दात काढायचे नाहीत, असं तिने शपथ घेऊन ठरवल्यासारखं होतं. आई म्हणायची, "ही जन्मली तेव्हा रडलीसुद्धा नाही. नर्सला म्हणाली असेल, पुढचा पेशंट पाठवा."

या बाईचा जीव फक्त एका कुंडीत अडकला होता. कुंडी मोठी, चकचकीत निळ्या चिनी मातीची, आणि तिच्यात आफ्रिकन लिली. ताईने ते रोप आणलं तेव्हा नर्सरीवाल्याने सांगितलं होतं, "हिला ऐसपैस जागा देऊ नका. मुळं जरा दाटीत असली की ही छान फुलते." यातला 'जरा' हा शब्द ताईच्या कानात शिरलाच नाही.

पहिली काही वर्षं लिली खरंच फुलली. पट्ट्यासारखी लांब पानं, त्यांच्यामधून कमरेएवढा उंच दांडा आणि दांड्याच्या टोकाला निळ्या फुलांचा भलामोठा चेंडू. मग एका उन्हाळ्यात एकच चेंडू आला, पुढच्या उन्हाळ्यात एकही नाही. नुसती पानं. कुंडीतली माती तर दिसेनाशीच झाली होती. वर मुळांचे वेटोळे आले होते आणि पाणी घातलं की ते कडेवरून ओघळून जायचं.

"अगं, त्या झाडाला श्वास घ्यायला जागा नाही," आई म्हणायची.

"आई, त्याला दाटीच आवडते."

"मला त्याने तसं काही सांगितलं नाही."

"तू माळी आहेस का?"

"तू आहेस का?" आई विचारायची, आणि दोघी आपापल्या कामाला लागायच्या. आम्ही तिघी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे हा संवाद जिन्यातसुद्धा व्हायचा.

ही जात थंडीतही हिरवी राहणारी, तिला कडाक्याचा गारठा सोसत नाही. म्हणून थंडी पडली की आम्ही ती कुंडी ढकलत आत आणायचो आणि ताईच्या खोलीत, पेशंटच्या खुर्चीशेजारी ठेवायचो. दिवसभर ऊन येणारी खिडकी तेवढी एकच होती. थंडी सरली की पुन्हा बाहेर. त्या वर्षीही थंडी सरत आली होती. दोन-चार दिवसांत कुंडी बाहेर काढू, असं आमचं चाललं होतं, तेवढ्यात ट्रम्पेटवाले आले.

ट्रम्पेटवाले म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या बागेत बँड वाजतो, त्यातले ट्रम्पेट वाजवणारे गृहस्थ. पन्नाशीचे, एकटेच राहणारे, गोल चेहऱ्याचे. वाजवून वाजवून गाल कायम थोडे फुगलेलेच. अक्कलदाढ दुखत होती. या वयात! घाबरले इतके होते की नाव विचारलं तर पत्ता सांगितला.

"डॉक्टर," खुर्चीत बसल्यावर ते म्हणाले, "लोकांचं पोट हातावर असतं, माझं ओठांवर आहे. जबड्याला काही झालं तर मी संपलो."

"काहीही होणार नाही," ताई म्हणाली. "बधिर केलंय. दुखणार नाही. फक्त थोडा कट्ट असा आवाज होईल. आवाजाला घाबरायचं नाही. आ करा."

त्यांनी आ केला. ताईने दाढ पकडली, आणि कडाड्! असा आवाज झाला की बाहेर माझ्या टेबलावरचा चहा हिंदकळला.

कुंडी फुटली होती. मुळांनी ती आतून रेटून रेटून शेवटी तोच मुहूर्त साधला, आणि निळ्या चिनी मातीचे दोन तुकडे दोन बाजूंना पडले.

ट्रम्पेटवाल्यांना अर्थातच वाटलं की आपला जबडा गेला. ते खुर्चीतून असे उडाले की बस. गळ्यात कागदी रुमाल बांधलेला, डोळे पांढरे, पळता भुई थोडी. माझ्यासमोरून गेले, बाकावर नंबर लावून बसलेले पोस्टमन आणि बेकरीवाल्या बाई यांच्या पायांवरून गेले आणि दार उघडून थेट रस्त्यावर. त्यांच्यामागून ताई दारात आली. हातात चिमटा, चिमट्यात दाढ.

"थांबव त्यांना," ती मला म्हणाली. "दाढ निघालीय. कापूस ठेवायचा राहिलाय."

मी धावले. ट्रम्पेटवाले बसस्टॉपवर सापडले. तिथे छत्री घेऊन उभ्या असलेल्या एका आजोबांना ते दोन्ही हातांनी हनुवटी धरून विचारत होते, "माधा दबला दागेवल आहे ना? बघा ना. आहे ना?"

"जबडा आहे," आजोबा नीट निरखून म्हणाले. "पण तुम्हाला हे लाळेरं कुणी बांधलं?"

तोवर ताई स्वतः आली. वीस वर्षांत कामाच्या वेळात तिने उंबरा ओलांडला नव्हता. तिने दाढ त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. "ही तुमची अक्कलदाढ. जबडा शाबूत आहे. फुटली ती माझी कुंडी. आ करा." त्यांनी तिथेच, भर रस्त्यात, आ केला. ताईने कापूस ठेवला. तेवढ्यात बस आली, ड्रायव्हरने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि दार लावून बस पुढे नेली.

परत दवाखान्यात आलो तर सगळे ताईच्या खोलीत जमलेले. जमिनीवर लिलीचा गड्डा बसला होता. कुंडी गेली तरी कुंडीचा आकार त्याने सोडला नव्हता. बोटाएवढी जाड पांढरी मुळं, एकमेकींत अशी गुंतलेली की मध्ये माती नावालासुद्धा नाही.

ट्रम्पेटवाले गुडघ्यांवर बसले आणि तोंडात कापूस धरून म्हणाले, "ऊं अं ऑं हूं?"

"आफ्रिकन लिली," ताई म्हणाली.

"अं ऊं ऊंऊं हां अं."

"हो का? तुमच्या आईकडे पांढरी होती?"

"ऊं! अं हां हूं, अं ऑं ऑं."

"कापायची? मधोमध? मरणार नाही ना?"

मी आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला एक अक्षर कळत नव्हतं. ताईला सगळं कळत होतं. तोंडात आरसा, नळी आणि दोन बोटं असताना बोलणाऱ्या माणसांशी तिने वीस वर्षं संवाद केला होता. तिच्यासाठी ही माणसाची साधी भाषा होती.

तर कापायचं ठरलं. बेकरीवाल्या बाई समोरच्या दुकानातून पावाची लांब सुरी घेऊन आल्या. सुरी मुळांत अर्धी गेली आणि वाकली. मग आईने वरून बाबांची जुनी करवत आणली. "सांभाळून ठेवली होती," ती म्हणाली, "कधीतरी या घरात कुणाला काहीतरी कापावंसं वाटेल म्हणून." एका बाजूने ट्रम्पेटवाल्यांनी गड्डा गुडघ्यांत धरला, दुसऱ्या बाजूने पोस्टमनने पिशवी खाली ठेवून मिठी मारली, आईने पानं वर उचलून धरली. ताईने मास्क लावला, हातमोजे बदलले आणि गड्ड्याला म्हणाली, "हलू नका."

करवत चालू लागली. लाकूड कापल्यासारखा आवाज. पानं आईच्या तोंडावर आपटत होती, पोस्टमनला शिंका येत होत्या, ट्रम्पेटवाले कापसातून धीर देत होते. एकदाचे दोन तुकडे झाले, मग चार, मग आणखी. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब राहतील असं ताई बघत होती. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा पोस्टमन तोल जाऊन खुर्चीत पडला आणि सवयीने त्याने आ केला.

एवढ्या रोपांचं काय करायचं? ताईने तिथल्या तिथे वाटून टाकली. पोस्टमनला एक, बेकरीवाल्या बाईंना एक, नंतर नंबर असलेल्या प्रत्येकाला एक. आणि सूचनाही दिल्या, तिला येत होत्या तशाच. "आज हलवायचं नाही. पाणी बेताचं. उन्हात ठेवा. कुंडी मुळांपेक्षा दोन बोटंच मोठी घ्या, त्याहून मोठी नको आणि त्याहून लहान तर नकोच नको. दुखलं तर फोन करा."

"कुणाला दुखलं तर?" पोस्टमनने विचारलं.

ताईने आधी त्याच्याकडे, मग रोपाकडे पाहिलं. "दोघांपैकी कुणालाही," ती म्हणाली.

ट्रम्पेटवाल्यांनी दोन तुकडे नेले. उरलेले काही ताईने कुंड्यांत लावले आणि काही दवाखान्याच्या बाहेर, भिंतीलगतच्या वाफ्यात. ती भिंत दिवसभर ऊन खाते. पाणी तुंबू नये म्हणून ताईने मातीत भरपूर खडी मिसळली. हातात कुदळ, अंगावर पांढरा कोट. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, इतकं खोल रूट कॅनल?" ताईने वर पाहिलंसुद्धा नाही, पण तिचे कान लाल झाले होते, मी पाहिलं.

आठवड्याने ट्रम्पेटवाले जखम दाखवायला आले. जखम उत्तम भरली होती. माणूस मात्र बिघडला होता. तोंडात कापूस असताना जो एवढा घडाघडा बोलला, त्याची रिकाम्या तोंडाने ताईसमोर दातखिळीच बसली. "ते... म्हणजे... रोप..." एवढं म्हणून गप्प.

ताईने कापसाची एक गुंडाळी उचलली आणि म्हणाली, "आ करा." आणि गालात ठेवली.

"ऊं अं हां ऊं ऑं अं हूं हूं!" बांध फुटल्यासारखे ते बोलू लागले.

"नवीन पान आलं? दोन्हींना?" ताई म्हणाली. "माझ्याकडे अजून एकालाच आलंय."

ते अर्धा तास बोलत होते. बाहेर बाकावर चार माणसं गाल धरून ताटकळत बसली होती. आई पायरीवरून सगळं ऐकत होती. "अक्कलदाढेबरोबर अक्कलही गेली बिचाऱ्याची," ती मला म्हणाली. "आणि हिची तर दाढ न काढताच."

पुढे हे ठरूनच गेलं. रोपांना दर पंधरवड्याने खत द्यायचं असतं, टोमॅटोला घालतात तेच, पाण्यात कालवून. दर पंधरवड्याच्या शनिवारी ट्रम्पेटवाले खताचा डबा घेऊन हजर. एका डब्यात दहा घरांचं खत झालं असतं, पण दोघं मिळून ते पाऊण तास कालवायची. हळूहळू कापसाची गुंडाळी अर्धी झाली, मग वाटाण्याएवढी, मग एक दिवस ते तिच्याशिवायच "आज ऊन छान आहे" असं सलग बोलले, आणि आई वरून खिडकीत टाळ्या वाजवायला लागली. त्यांची बोबडी पुन्हा वळली ती दोन आठवडे.

ताई काम करताना गुणगुणायला लागली. एक बाई दाढ भरून बाहेर आल्या आणि माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर आत गात होत्या. माझं काही गंभीर आहे का?"

त्या उन्हाळ्यात मात्र एकही फूल आलं नाही. कापाकापी झाली की झाड एक वर्ष रुसतं, असं ट्रम्पेटवाले म्हणाले. ताई रोज सकाळी खाली वाकून प्रत्येक रोपाचा गाभा हिरड्या तपासाव्यात तसा तपासायची. पोस्टमन पत्रं वाटता वाटता सगळ्या वस्तीची खबर आणायचा, "कुणाकडेच नाही. पण पानं झकास." उन्हाळा उतरणीला लागला तरी ताईने पाणी आणि खत थांबवलं नाही. पुढच्या वर्षीचे कळे तेव्हाच आत धरतात, हे तिला आता ठाऊक होतं.

थंडी आली. कुंड्या आत गेल्या, पण वाफ्यातली रोपं कुठे नेणार? ताई आणि ट्रम्पेटवाल्यांनी मिळून त्यांच्यावर वाळलेली पानं आणि गवत यांचा जाड थर घातला. वाऱ्याने तो उडायला लागला, तेव्हा ताईने आपले जुने पांढरे कोट आणून वर पांघरले आणि कडांना दगड ठेवले. सकाळी रस्त्याने जाणारे दचकून थांबायचे. भिंतीलगत ओळीने डॉक्टर झोपलेत असंच वाटायचं.

रोपं जगली, एकूण एक. आणि पुढच्या उन्हाळ्यात काय विचारता! पानांमधून दांडे वर आले, प्रत्येकाच्या टोकाला कागदी पाकिटासारखा चोचदार कळा. ताई चपला न घालता खाली धावायची. "धाकटे, ऊठ, एक पाकीट फुटलं!" ती मला जिन्यातून हाक मारायची. ताई, जिन्यातून! आणि मग आठवड्याभरात सगळीकडेच फुटली. बेकरीच्या पायऱ्यांवर निळं, पोस्टाच्या दारात निळं, ज्यांच्या ज्यांच्या दाढा ताईने भरल्या त्यांच्या गॅलऱ्यांत निळं. आमच्या वाफ्यात तर चेंडूंना चेंडू खेटून उभे. मधमाश्या इतक्या की पेशंट आत येताना आपोआप तोंड बंद ठेवायचे.

त्या रविवारी बँड बागेकडे निघाला होता. ट्रम्पेटवाल्यांनी बँडमास्तरांची मनधरणी करून तो आमच्या दारात थांबवला. त्यांच्या मनात आणखीही काही होतं, ते नंतर कळलं. आपल्या कुंडीतला सगळ्यात मोठा चेंडू ताईला द्यायला त्यांनी कापून आणला होता. पण सगळ्या बँडसमोर हातात फूल धरून चालायचं कसं? म्हणून त्यांनी दांडा अर्ध्यात तोडून ते ट्रम्पेटच्या तोंडातच खोचलं होतं. वाजवायच्या आधी काढू, असा विचार.

बँडमास्तरांनी हात वर केला. त्याच वेळी ताई दारात आली. तिने चक्क निळा झगा घातला होता. ट्रम्पेटवाले ताईकडे बघत राहिले, मास्तरांचा हात खाली आला, आणि यांनी सवयीने ट्रम्पेट ओठांना लावून फुंकलं.

आधी आवाजच आला नाही. आला तो असा की पहिल्या रांगेतल्या ढोलवाल्याने रागाने मागे वळून पाहिलं. ट्रम्पेटवाल्यांनी गाल फुगवले, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून पुन्हा फुंकलं.

फट्!

फूल तोफेतून सुटावं तसं सुटलं. पाकळ्या, फुलं, देठ सगळं हवेत. ढोलवाल्याच्या टोपीत, आईच्या चहात, पोस्टमनच्या मिशांत, आणि सगळ्यात जास्त ताईच्या केसांत. उरलेला दांडा दाराच्या पाटीवर आपटून खाली पडला.

मग ताईने दात काढले. आधी एक हुंकार, मग खांदे हलले, मग ती पायरीवरच बसली आणि पोट धरून हसायला लागली. सेहेचाळीस वर्षांचं साचलेलं हसू होतं ते, आवरणार कसं? तिला बघून आई, आईला बघून मी, आम्हाला बघून अख्खा बँड. ढोलवाल्याची तर हसून मुरकुंडी वळली.

ट्रम्पेटवाले लाल होऊन पुढे आले. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. घोडं पुन्हा तिथेच पेंड खात होतं. मी कापूस आणायला आत वळले, तेव्हा ताईने माझा हात धरला.

"राहू दे," ती डोळे पुसत म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "तुम्ही नका बोलू. मीच विचारते. खत घालून झालं की दर वेळी तुम्हाला घरी जायलाच हवं का?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

"मग नका जाऊ."

"कधीच?" ते म्हणाले. स्वच्छ, खणखणीत, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं.

"कधीच," ताई म्हणाली.

"आता कोणतं वाजवायचं?" बँडमास्तरांनी विचारलं, पण उत्तराची वाट न बघता सगळ्यांनी आपापल्या मनाला येईल ते सुरू केलं. इतका बेसूर बँड मी जन्मात ऐकला नाही आणि त्यावर इतकी नाचलेही नाही.

महिन्याभरात दोघांनी सह्या करून लग्न केलं. ट्रम्पेटवाले वरच्या मजल्यावर राहायला आले, एक बॅग आणि दोन कुंड्या घेऊन. आता त्यांना मी भाऊजी म्हणते. सकाळी ते वर सराव करतात, आणि खाली खुर्चीतले पेशंट त्या सुरावर पाय हलवतात. ताईला ते चालत नाही, पण स्वतःचा पाय ती थांबवत नाही.

लग्नानंतर आठवडाभर दोघं समुद्राकडे गेली. दवाखाना बंद, पाणी घालायचं काम माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. मला वाटलं कुंड्यांची चौकशी करेल. ती काहीच विचारेना. मागे वारा होता, भाऊजी कुणालातरी पत्ता विचारत होते, कुत्रं भुंकत होतं.

"अगं, आहात कुठे तुम्ही?" मी विचारलं.

"माहीत नाही!" ताई म्हणाली. "रस्ता चुकलोय. चप्पलपण एकच आहे." आणि ती अशी हसायला लागली की फोन बंद करायचाच विसरली.

मी फोन टेबलावर ठेवला. आई खुर्ची ओढून जवळ बसली, आणि आम्ही दोघी चहा निवेपर्यंत ऐकत राहिलो.